लंडनमध्ये मॅच बघायला बरी जागा सांगा (आवाज चालू असलेली!)

हळदीची_पेठ · २० ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:१०

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. आज शॉवरखाली उभं राहून मोती साबणाने अभ्यंगस्नान उरकलं, कारीट नव्हतं म्हणून चेरी टोमॅटो फोडला (खरंच), आणि आता कालची मळमळ काढायला इथे आलेय.

मी सप्टेंबरात लंडनला आले, राहते कॉलिअर्स वूडला, मूळ सांगलीची. सांगलीची म्हटल्यावर पुढचं सांगायला नको, स्मृती मंधाना खेळायला आली की आमच्याकडे गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कोणी उठत नाही. तर काल इंदूरला बायकांच्या वर्ल्डकपची भारत-इंग्लंड मॅच होती, इथले सकाळचे साडेदहा. मला वाटलं इंग्लंडचीच मॅच आहे, इंग्लंडची राजधानी आहे, क्रिकेट ह्यांनीच शोधलं, कुठल्याही पबमध्ये लागलेलीच असणार. नेटवर 'बेस्ट स्पोर्ट्स बार' शोधून फोटो बघून एक सेंट्रलमधला निवडला, भिंतभर स्क्रीन, मी दुपारी दीडला एकटी जाऊन पोचले तर सगळ्या स्क्रीनवर फुटबॉलवाले सूट घालून गप्पा मारतायत. साडेचारला लिव्हरपूल-मँचेस्टर युनायटेड होती, त्याची तयारी म्हणे. मी बारवरच्या मुलाला विचारलं क्रिकेट लावाल का, तो म्हणाला कुठलं क्रिकेट, मी म्हटलं तुमचंच! त्याने बिचाऱ्याने रिमोट घेऊन टॉयलेटच्या दाराजवळचा एक छोटा टीव्ही लावून दिला, आवाज बंद. स्मृती ८८ वर आउट झाली तेव्हा माझ्यासमोर एक दार उघडलं आणि एक काका पँट सावरत बाहेर आले, मला आउट कशी झाली तेच दिसलं नाही. २८९ करायचे होते, ४ रनांनी हरलो, आणि नेमकं त्याच सुमारास युनायटेडवाले नाचत होते. रडू यायचं बाकी होतं.

प्रश्न असा, इथे नवीन आलेल्या माणसाने बरा स्पोर्ट्स बार शोधायचा कसा? मी पिते म्हणजे अर्धी पाइंट, तीही दोन तास पुरवते. एकटी जाणार आहे. भारत सेमीला गेला तर तेव्हा हा घोळ नको.

नॉर्दर्न_लाइन · २० ऑक्टोबर, ९:०२

पहिली चूक सेंट्रल. लेस्टर स्क्वेअर-पिकॅडिलीकडचे बार टुरिस्टांसाठी असतात, तिथे पाइंटला सात पौंड देऊन धक्के खायचे. वेस्ट केन्सिंग्टन स्टेशनसमोर 'फेमस थ्री किंग्ज' आहे तिकडे जाऊन बघ, अमेरिकन फुटबॉल, रग्बी, कुठल्या कुठल्या देशाचे लोक आपापल्या मॅच बघायला येतात, वेगवेगळ्या भागात वेगवेगळं लावतात. मी पहिल्या वर्षी तिथेच पडीक असायचो.

बाकरवडी_७७ · २० ऑक्टोबर, ९:४०

सातशे-आठशे रुपयांची बिअर घेऊन टॉयलेटच्या दारात मॅच बघायची, ह्याला परदेशात स्थायिक होणे म्हणतात. मी काल सदाशिव पेठेत घरी सोफ्यावर चकली खात बघितली, फुकट. हरलो ते मात्र सारखंच.

हळदीची_पेठ · २० ऑक्टोबर, ९:५५

@बाकरवडी चकलीचा उल्लेख टाळावा ही विनंती, इथे दुखरी नस आहे.

चतुर्थ_पंच · २० ऑक्टोबर, १३:२०

अठरा वर्षं झाली ह्या गावात, त्यातली निम्मी पबच्या टीव्हीखाली गेली असं बायकोचं म्हणणं आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, जेवणाच्या सुट्टीत टाइप करतोय, चुका पोटात घाला.

नेटवरच्या याद्यांमध्ये स्क्रीन किती आणि बर्गर कसा हे लिहिलेलं असतं. आपल्या कामाचं त्यात काही नसतं. विचारायचं एकच, आवाज कुठल्या मॅचचा असणार. पबमध्ये पंधरा स्क्रीन असल्या तरी आवाज एकाच मॅचचा असतो, मोठं ठिकाण असेल तर खाली एक आणि वर एक, आणि तो कोणाला द्यायचा हे मॅनेजर आधीच ठरवून बसलेला असतो. क्रिकेट बिनआवाजाचं म्हणजे एक्वेरियम. म्हणून फोन करायचा, मेसेज नाही, फोन, आणि विचारायचं 'विथ साउंड?' 'येस वी शो क्रिकेट' ह्याचा अर्थ टॉयलेटजवळचा टीव्ही. तुला अनुभव आलाच आहे.

मी हे कुठे शिकलो तेही सांगतो. २०२३ ची फायनल, १९ नोव्हेंबर, रविवार, अहमदाबादला दुपारी दोन म्हणजे इथे सकाळी साडेआठ. स्ट्रँडजवळच्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) आम्ही अकरा जणांनी माणशी पंधरा पौंड डिपॉझिट भरून टेबल घेतलं, ईमेलवर लिहून दिलं होतं की क्रिकेट दाखवू. रविवारी पहाटे पहिली ट्यूब पकडून थंडीत कुडकुडत आठला हजर, तर दार बंद. साडेनऊला एक पोरगी आली किल्ल्या घेऊन, रोहित तोवर घरी. आत गेलो तर क्रिकेटचा चॅनल लागेना, तिला पासवर्ड माहीत नाही, मॅनेजर झोपलेला. शेवटी आम्ही शेजारच्या गल्लीतल्या एका ऑस्ट्रेलियन बारमध्ये घुसलो, तिथे पिवळे टी-शर्ट घातलेले दोनशे लोक सकाळी दहाला बिअर पीत होते. ट्रॅव्हिस हेडने १३७ मारले तेव्हा ह्या लोकांनी माझ्या डोक्यावर बिअर उडवली आणि वर मलाच एक पाजली. हरलो पण आवाज मात्र खणखणीत होता.

दुसरं, स्काय ह्या टीव्ही कंपनीचा चॅनल लागला की स्क्रीनच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचं बारीकसं चित्र दिसतं का बघ. दिसलं तर पबने धंद्याचं कनेक्शन घेतलंय. नसेल तर मालक घरगुती कार्डावर चालवतोय, आणि मग कधी तपासनीस आला की ऐन शेवटच्या ओव्हरला टीव्ही बंद. हे धंद्याचं कनेक्शन भयंकर महाग असतं, पबच्या मालमत्तेच्या करमूल्यावर रेट ठरतो, म्हणून कोपऱ्यावरच्या बऱ्याच छान छान पबांत स्पोर्ट्स नसतातच. पोर्ट्समथच्या कॅरन मर्फी नावाच्या पबमालकिणीने वैतागून ग्रीसचं डिकोडर कार्ड आणून प्रीमियर लीग लावली होती, दंड झाला तर बाई युरोपच्या कोर्टापर्यंत गेली, २०११ ला निकाल बऱ्यापैकी तिच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी इथल्या हायकोर्टात ती सुटली. मला ती बाई फार आवडते.

ऑफसाइड · २० ऑक्टोबर, १३:५१

पंचकाका लेख झाला हा. त्यात एक भर, शनिवारी दुपारी तीनची फुटबॉल मॅच कुठल्याच पबमध्ये शोधू नका, दिसणार नाही. पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडात लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी आहे, साठच्या दशकापासूनची, का तर लोक टीव्ही बघत बसले तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाणार. मी पहिल्या महिन्यात आर्सेनलच्या स्टेडियमपासून दहा मिनिटांवर बसून पाच पब पालथे घातले आणि माझा भाऊ कोल्हापुरात तीच मॅच लाइव्ह बघत मला गोल सांगत होता. माणसाने एवढा व्हिसा बिसा काढून यायचं कशाला.

फिन्सबरी पार्कला 'फॉल्टरिंग फुलबॅक' म्हणून आयरिश पब आहे, बाहेरून वेलींनी झाकलेला, पहिल्यांदा समोरून दोनदा गेलो तरी दिसला नाही. मागे लाकडी मजले मजले असलेली बाग आहे आणि जेवायला थाई करी मिळते. रग्बी आणि आर्सेनलसाठी झकास. मॅचच्या दिवशी तासभर आधी जा.

आणि स्टेडियमजवळच्या पबच्या दारावर 'होम फॅन्स ओन्ली' पाटी असेल तर ती शोभेची नसते. माझ्या एका मित्राने निळा स्वेटर घातला होता, नुसता स्वेटर, आईने विणलेला, त्याला चेल्सीवाला समजून दारातच तीन प्रश्न विचारले.

मोहरीची_फोडणी · २० ऑक्टोबर, १९:३०

हळदी, हॅरोहून लिहितेय, मी बारा वर्षं एकटी जाऊन मॅच बघतेय (नवऱ्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही) त्यामुळे बायकांच्या बाजूने थोडं.

दुपारच्या मॅचला काहीही प्रॉब्लेम येत नाही, अगदी पोरंबाळं घेऊन लोक बसलेले असतात, रविवारी तर रोस्ट जेवायला आजीआजोबा पण. बारच्या काउंटरजवळच्या उंच स्टुलावर बस, कोपऱ्यातल्या सोफ्यावर नको. स्टुलावर बसलं की बारवाले ओळखीचे होतात, टीव्हीचा रिमोट त्यांच्याकडे असतो, आणि कोणी उगाच चिकटायला आला तर त्यांच्या लक्षात येतं. टॉयलेटमध्ये 'आस्क फॉर अँजेला'चं पोस्टर दिसेल, म्हणजे काउंटरवर जाऊन अँजेला आहे का असं विचारलं की त्यांनी समजायचं ह्या बाईला मदत हवीय, टॅक्सी बोलावून देतात वगैरे. मला एकदाच लागलं, आणि काम झालं.

वेटर येईल म्हणून बसून राहू नकोस, मी पहिल्यांदा अर्धा तास बसले होते मेनूची वाट बघत. काउंटरवर जायचं, रांग दिसत नाही पण असते, तुझ्याआधी कोण आलं ते तूच लक्षात ठेवायचं आणि बारवाल्याने चुकून तुला आधी विचारलं तर 'ह्यांचं आधी' म्हणायचं. ह्या एका वाक्यावर मला दोन मैत्रिणी मिळाल्यात. आणि दारू नको असेल तर लाइम-सोडा घे, स्वस्त असतो, कोणी वळूनही बघत नाही, फक्त दर तासाभराने काहीतरी घेत राहा, टेबल अडवून पाण्यावर बसलं तर मात्र नजरा बदलतात.

पासपोर्ट नको नेऊस, हरवला तर नसता ताप, पण वयाचा काहीतरी पुरावा ठेव. अठरा पूर्ण लागतात पण पंचविशीच्या आतले दिसलात तर विचारतात. मला गेल्या वर्षी विचारलं, मी त्याला पेढे द्यायची बाकी होते.

यामानोते · २१ ऑक्टोबर, ४:१५

तोक्योहून रुमाल टाकतोय. आमच्याकडे उलटं दुखणं, टाइम. भारत आमच्या साडेतीन तास मागे, म्हणजे हा वर्ल्डकप संध्याकाळी साडेसहाला सुरू होतो ते मस्त, पण आयपीएल रात्री अकराला सुरू आणि शेवटची ट्रेन बाराच्या आसपास, त्यामुळे पॉवरप्ले बघून पळायचं नाहीतर पहाटे पाचपर्यंत बारमध्ये अडकायचं. 'हब' नावाची ब्रिटिश पबसारखी चेन आहे, काउंटरवर लगेच पैसे द्यायचे, परक्या माणसाला सोपं. पण तिथे फुटबॉल, बेसबॉल, रग्बी. क्रिकेट बघायला आम्ही निशी-कासाईला कोणाच्या तरी घरी जमतो, तिकडे आपले लोक बरेच आहेत. २०१९ ला रग्बी वर्ल्डकप इथे होता तेव्हा मात्र मजा, जपानने आयर्लंडला १९-१२ हरवलं त्या रात्री मी रग्बीचा र माहीत नसताना अनोळखी माणसांच्या गळ्यात पडलो होतो, त्यातला एक अजून नव्या वर्षाचं कार्ड पाठवतो.

स्मेदिकचा_सख्या · २१ ऑक्टोबर, ११:१०

लंडन लंडन काय लावलंय, बर्मिंगहॅमकडे या. आमच्याकडे देसी पब म्हणून प्रकार आहे तो जगात कुठे नसेल. पंजाबी मालक, इंग्लिश पबची जुनी इमारत, बिअर, भिंतीवर क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही, आणि लोखंडी तव्यावर चरचरत येणारी मिक्स ग्रिल, टिक्का, सीख कबाब, वर परतलेला कांदा, लिंबू. बिअरचा वास आणि त्या कांद्याचा वास एकत्र आला की मॅच कुठली हे गौण.

हे पब असे कसे झाले ते नव्या लोकांना माहीत नसतं. पन्नास-साठच्या दशकात इथल्या फाउंड्र्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या लोकांना बऱ्याच पबमध्ये पुढच्या खोलीत बसू देत नसत, काही ठिकाणी तर वाढतच नसत. बर्मिंगहॅमला लागून असलेलं आमचं स्मेदिक त्यासाठी एवढं कुप्रसिद्ध होतं की फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स स्वतः येऊन बघून गेला, तो मारला गेला त्याच्या जेमतेम नऊ दिवस आधी. मग आपल्याच लोकांनी हळूहळू पब चालवायला घेतले. आज तिथे गोरे म्हातारे आणि सरदारजी एकाच टेबलावर वेस्ट ब्रॉम ह्या इथल्या फुटबॉल क्लबच्या नावाने बोटं मोडतात. साउथॉलला पण एक 'ग्लासी जंक्शन' होता, तिथे बिअरचे पैसे भारतीय रुपयांत चालायचे! बंद झाला तो.

पन्नाशीपार · २१ ऑक्टोबर, १२:००

ग्लासी जंक्शनमध्ये मी खिशातली शंभराची नोट देऊन बघितली आहे. रेट मात्र त्यांच्या मनाचा होता.

बाकरवडी_७७ · २१ ऑक्टोबर, १२:२५

एवढा इतिहास झाला, ह्या बाईला अजून पब मिळालेला नाही.

संपादक_मंडळ · २१ ऑक्टोबर, १२:४०

अवांतर कमी करावे. मिक्स ग्रिलचा वेगळा धागा काढावा, आम्हीही वाचू.

हळदीची_पेठ · २४ ऑक्टोबर, २१:४५

सगळ्यांचे आभार, मोहरीताई विशेष. अपडेट. काल न्यूझीलंडला हरवलं, सेमी पक्की, गुरुवारी ३० ला. (स्मृतीचं शतक ऑफिसच्या मीटिंगमध्ये मांडीवर फोन ठेवून बघितलं, कॅमेऱ्यात माझा चेहरा आपोआप हसला त्यावर मॅनेजर म्हणाला ग्लॅड यू लाइक द प्लॅन.)

पंचकाकांनी सांगितल्याप्रमाणे टूटिंग-बॅलमकडच्या तीन पबना फोन केले. पहिला म्हणाला विमेन्स व्हॉट? दुसरा म्हणाला वी विल सी ऑन द डे, म्हणजे नाहीच. तिसरीकडे फोन मालकिणीनेच घेतला, आवाजावरून साठीची असावी, मी विचारलं विथ साउंड का, तर ती दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, लव्ह, किती जण येणार? मी म्हटलं एक. ती हसली. म्हणाली एकीसाठी मी आवाज देऊ शकत नाही, सहा जणी आण, मागची खोली देते.

तर आता मला पाच माणसं हवीयत. फायनलला. (गेलो तर.)

चतुर्थ_पंच · २४ ऑक्टोबर, २२:१०

बाई सोन्याची आहे, सोडू नकोस. पण घड्याळाकडे लक्ष दे. रविवारी २६ ला इथली घड्याळं एक तास मागे जातात. आत्तापर्यंत मॅच साडेदहाला लागत होती, ती सेमी आणि फायनल साडेनऊला लागणार. आणि पब रविवारी अकरा-बाराला उघडतात. साडेनऊला दार उघडणार का ते विचार, नाहीतर माझी स्ट्रँडवरची गत. वेदरस्पून ही पबची चेन सकाळी लवकर उघडते, नाश्ताही देते, पण तिथे टीव्ही असला तरी बहुधा मुका.

मी येतो. बायकोलाही आणतो, दोन झाले.

मोहरीची_फोडणी · २४ ऑक्टोबर, २२:३०

मी आणि माझी लेक. हॅरोहून दीड तास आहे पण येतो.

नॉर्दर्न_लाइन · २४ ऑक्टोबर, २३:०५

+१. माझ्याच लाइनवर आहे, न येऊन सांगणार कोणाला.

हळदीची_पेठ · ३० ऑक्टोबर, १८:२०

जेमिमाऽऽऽऽ!!! ३३९ चा पाठलाग!!! नाबाद १२७!!! मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले ऑफिसच्या.

मालकिणीला फोन केला, साडेनऊला ती उघडणार नाही, अकराला उघडते म्हणाली, लायसनचं आणि स्टाफचं काहीतरी. म्हणजे पहिले दीड तास घरीच बघायचे आणि मग धावत यायचं. ठीक आहे, स्मृतीची बॅटिंग चुकली तर मी कोणालाही माफ करणार नाही.

बाकरवडी_७७ · २ नोव्हेंबर, ९:०५

नवी मुंबईत पाऊस. माझा भाचा डी.वाय.पाटीलच्या बाहेर छत्री घेऊन उभा आहे, टॉस लांबलाय. लंडनकरांनी सावकाश आंघोळ करावी.

हळदीची_पेठ · ३ नोव्हेंबर, १:१०

झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

जिंकलोऽऽऽ. हे आधी.

पावसाने आमचं भलं केलं, मॅच दोन तास उशिरा सुरू झाली म्हणजे आमचे साडेअकरा, आणि दार अकराला उघडलं. नेरुळचा पाऊस टूटिंगच्या पबच्या वेळेवर पडला असं पंचकाका दिवसभर सगळ्यांना सांगत होते. आम्ही सहा ठरलो होतो, प्रत्यक्षात नऊ, नॉर्दर्न_लाइनने दोन मित्र आणले आणि मागच्या खोलीत आधीपासून एक साउथ आफ्रिकन आजोबा बसलेले होते, हिरवी टोपी, समोर गिनेस, ते त्यांच्या टीमसाठी एकटेच आले होते. मालकिणीने आम्हाला सांगितलं, आता तुम्ही नऊ झालात, खोली तुमची, पुढच्या खोलीत दोन वाजता फुटबॉल लागेल ते दार मात्र बंद ठेवा.

खोली म्हणजे काय, जुना गालिचा, त्यावर डार्ट्सच्या बोर्डाखाली झिजून पांढरा झालेला पट्टा, एक बंद फायरप्लेस, आणि टीव्ही आपल्या घरातल्याएवढाच. कोपऱ्यात तो बिअरचा ग्लास होता, मी उठून जवळ जाऊन बघितलं, पंचकाका खूश. स्मृती आणि शफाली खेळायला आल्या आणि कॉमेंटरीचा आवाज पहिल्यांदा खोलीभर झाला तेव्हा मला एकदम आमच्या सांगलीच्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटलं, बाबा खुर्चीत, आई स्वयंपाकघरातून 'किती झाले गं' विचारतेय. स्मृती ४५ वर गेली, चालतंय. शफालीचे ८७. २९८ झाले.

मोहरीताईंनी डब्यातून चिवडा आणला होता आणि बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून टेबलाखालून वाटप सुरू, मालकीण ग्लास उचलायला आली, तिने बघितलं, काही बोलली नाही, दहा मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, ते काय आहे मलाही दे. मग डबा टेबलावर आला. आजोबांनी शेंगदाणे वेचून खाल्ले.

साउथ आफ्रिकेच्या वुलवार्डटने शतक मारलं तेव्हा आजोबा उभे राहिले, एकटे, टाळ्या वाजवत, आणि आम्ही सगळे गप्प, मग पंचकाका उठून टाळ्या वाजवायला लागले म्हणून आम्हीही. पुढे अमनजोतने तिचा कॅच तीन झटक्यांत पकडला, तेव्हा खोलीत जो आवाज झाला त्याने पुढच्या खोलीतले फुटबॉलवाले दार उघडून बघायला आले. त्यातले चार जण परत गेलेच नाहीत. साडेचारचं फुटबॉल बाहेर चालू असताना हे दारात उभे राहून विचारत होते की ही बोलर कोण, पाच विकेट ना? दीप्तीचं स्पेलिंग मी नॅपकिनवर लिहून दिलं.

आमच्या टीव्हीवर शेवटची विकेट पडायच्या आधीच आत्याचा मेसेज आला, नुसते दहा बदाम. मला कळलं आणि मी फोन उलटा ठेवला, कोणाला सांगितलं नाही, आणि मग ते अर्धं मिनिट मी एकटीने सगळ्यांचे चेहरे बघितले. हरमनप्रीत मागे धावली, पकडला. ५२ रनांनी.

आजोबांनी सगळ्यांशी हात मिळवले, कोट घातला, आणि जाताना माझ्यासाठी अर्धी पाइंट सांगून गेले. ती मी संपवली. पूर्ण.

पन्नाशीपार · ३ नोव्हेंबर, ७:३०

स्लाउहून यायला हवं होतं. कंबरेने घात केला.

यामानोते · ३ नोव्हेंबर, ७:४५

आमच्याकडे पावसाने वाट लावली, साडेसहाची मॅच साडेआठला सुरू, संपेपर्यंत पहाटेचे साडेतीन. शेवटची ट्रेन गेली. पण उद्या, म्हणजे आजच, इथे 'बुंका नो हि'ची सुट्टी आहे म्हणून वाचलो.

मोहरीची_फोडणी · ३ नोव्हेंबर, ९:१५

माझी लेक सकाळी शाळेच्या बसमध्ये बसायच्या आधी विचारत होती की त्या आजींकडे परत कधी. आणि हो, चिवड्याचा डबा तिथेच राहिलाय, स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेलं आहे, सासूबाईंचा आहे. हळदी, जवळ राहतेस, प्लीज घेऊन ठेव.

हळदीची_पेठ · ३ नोव्हेंबर, १९:४०

आत्ताच जाऊन आले. डबा मिळाला. धुऊन ठेवला होता, आत क्रिस्प्सची दोन पाकिटं घालून. मालकिणीने फेब्रुवारीतल्या पुरुषांच्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या तारखा लिहून मागितल्यात, इथल्या वेळेप्रमाणे, आणि बजावून सांगितलंय की भारत-पाकिस्तान असेल तर सहा माणसांवर खोली मिळणार नाही, वीस लागतील.

नॉर्दर्न_लाइन · ३ नोव्हेंबर, १९:५२

मी आणि सात.

बाकरवडी_७७ · ३ नोव्हेंबर, २०:१०

फेब्रुवारीत ऑफिसच्या कामाने लंडनला यायचं चाललंय. पबचा पत्ता व्यनि करावा. चकली आणतो.